दरडोई टोपलीत तुमचा वाटा किती?

शेतकरी बंधूंनो, रापणकार बांधवांनो,

दरडोई उत्पन्नात गोवा देशातील अगदी वरच्या राज्यांत मोडतो, हे तुम्हाला दर निवडणुकीत ऐकवले जाते. आकडा खोटा नाही. पण दरडोई म्हणजे काय ते समजून घ्या. खाणमालकाची मिळकत आणि तुमची मिळकत एकाच टोपलीत ओतायची आणि माणशी भागायची. हिशेबापुरते तुम्ही भागीदार. टोपली उचलून घरी नेतो तो एकटाच!

रापणीचा हिशेब असा नव्हता. दोर ओढायला वाड्यावरचे हात लागत आणि मासळी वाळूवर आली की वाटे तिथेच, सर्वांच्या डोळ्यांदेखत पडत. जाळेवाल्याचा वाटा मोठा असे, हे मान्य. पण ओढणारा रिकाम्या हाताने जात नसे. मग 'उत्पादन वाढवा' म्हणत सरकारने ट्रॉलरना कर्जे आणि अनुदाने दिली. कोळंबी परदेशी गेली, आकडा फुगला. ट्रॉलर मात्र किनाऱ्यालगत येऊन तळ खरवडू लागले. रापणकाराची जाळी फाटली, बांगडा-तारले दुर्मिळ होऊ लागले. सत्तरच्या दशकात तुम्ही रस्त्यावर उतरलात, माथानी साल्ढाणांसारखा शिक्षक पुढे झाला, तेव्हा कुठे १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा ट्रॉलरना बंद झाला. कागदावर! एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली, तरी त्या दिव्यांविरुद्ध ओरड तुम्हालाच करावी लागली.

शेताचेही तेच. खनिजाची निर्यात सरकारने जमेस धरली. खाणीच्या गाळाने डिचोली-सांग्यात पडीक झालेले शेत कोणी वजा केले? २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, पण शेतातला गाळ काही न्यायालय उपसत नाही. कुळाला आधार झाला तो वाढीचा नव्हे, कायद्याचा. मुंडकार कायदा १९७५ चा, आणि कुळाला कसत्या जमिनीचा मालक ठरवणारी दुरुस्ती १९७६ ची. आज पन्नास वर्षे होत आली, तरी कित्येकांची प्रकरणे भाटकाराच्या हरकतींत अडकून आहेत. एवढ्या काळात नारळाची किती झाडे म्हातारी झाली असतील!

तेव्हा उमेदवार दारात आला की दरडोईचा आकडा ऐकत बसू नका. माझ्या कुळाच्या प्रकरणाचा निकाल कोणत्या तारखेला, आणि पाच किलोमीटरच्या आत शिरलेला ट्रॉलर धरायला गस्तीची बोट कोणत्या जेटीवर, एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तर लिहून मागा.