डब्याची मैत्री, चुलीची जात

‘आता कुठं राहिली जात? आम्ही एका डब्यात जेवतो.’

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. पुढाऱ्याकडून, मास्तरकडून, युनियनवाल्याकडून आणि नोकरी लागलेल्या आपल्याच एखाद्या भावाकडून. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं आहे. खोट्याला उघडं पाडता येतं. अर्ध्या खऱ्याशी झुंजावं लागतं.

आपल्या अंकांत खून, बलात्कार, जाळपोळ यांवरच्या कविता येतात. आल्याच पाहिजेत. पण ज्या दिवशी कुणाला मारलेलं नसतं, कुणी मेलेलं नसतं, त्या साध्या दिवसावर कुणी लिहीत नाही. ‘भाकरी-कालवणावर काय लिहितोस, क्रांतीवर लिही,’ असं सांगणारे आपल्यातही आहेत. त्यांना माझा सवाल हाये: जात काय फक्त खुनाच्या दिवशी कामावर येते? बाकीचे दिवस ती रजेवर असते काय?

मी राहात्याचा. साखर कारखान्यात कंत्राटी कामगार. गळीत हंगामात तीन पाळ्या चालतात. त्यातल्या एका दिवसाचा हिशेब मांडतो.

पहाटे चारला घरातली बाई उठते. चूल जाऊन गॅस आला, पण उठणारी तीच. भाकऱ्या, लसणाची चटणी, कधी बोंबलाचं सुकं. डबा घेऊन मी पहिल्या पाळीला हजर. गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडत राहतात, मिल गरजत राहते, बगॅसचा भुसा नाकातोंडात जातो. मळीचा हौद साफ करायला माणसं लागली की मुकादमाची नजर कुणाकडं वळते, ते तुम्हाला सांगायला नको. हजेरीच्या कागदावर जात नाय. नजरेत हाये.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडतात. माझ्या चटणीवर पहिला हात माझ्या मराठा दोस्ताचा. बोंबील असला तर तो माझ्याआधी संपवतो. त्याच्या घरचं पिठलं मी खातो. रात्रपाळीला माझा डोळा लागला तर माझं काम तो ओढतो, त्याचा लागला तर मी. ही मैत्री खरी आहे. तिला मी नावं ठेवणार नाही.

पण कारखान्याचं फाटक ओलांडलं की ही मैत्री पातळ होते. त्याच्या घरी मी ओसरीपर्यंत. चहा येतो कागदी कपात. आपल्या बापजाद्यांसाठी तुटक्या कानाची कपबशी वळचणीला खोचलेली असायची. ती दिसायची, म्हणून तिच्याशी भांडता यायचं. कागदी कप आला आणि भांडणच मिटलं. चहा पिऊन फेकला, पुरावा गेला. विचारलं तर उत्तर तयार: ‘अहो, सगळ्या पाहुण्यांना असाच देतो.’ त्या वेळी दोस्त माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. म्हंजे त्यालाही कळतं.

डबा पाळीपुरता असतो, फाटकाच्या आतला असतो, पुरुषांचा असतो. चुलीपाशी मात्र सोयरीक ठरते, कुणाचं मूल कुणाच्या ताटात जेवणार ते ठरतं. म्हणून जात डब्याला सूट देते, चुलीला देत नाही.

आणि हे चुलीचं सोवळं घरात गप बसत नाही. ते आपल्या पगारात हात घालतं. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात मजुरी जास्त होती. तिथं आपल्या माणसाला मज्जाव होता. का? कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि महाराच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढं हाच प्रश्न ठेवला होता. लाल बावट्याखाली उष्टं-खरकटं पाळणाऱ्यांना त्यांनी सोडलं नाही.

पुढं फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. राहात्यातून जाणारा नगर-मनमाड रस्ता तिथंच जातो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणातली दुसरी गोष्ट आपण विसरतो. अस्पृश्याला रेल्वेत साधं पोर्टरही करत नव्हते, कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरी घरकाम करायचा आणि मास्तरला विटाळाची भीती होती. एका स्वयंपाकघरानं सरकारी नोकरी अडवली!

जुनं झालं म्हणता? सप्टेंबर 2017 मध्ये पुण्यात हवामानशास्त्र शिकलेल्या एका बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईवर फसवणुकीची फिर्याद दिली. गुन्हा कोणता? जात लपवून सोवळ्याचा स्वयंपाक केला! ती स्वयंपाकीण आपली नव्हती, मराठा होती. तक्रार नंतर मागे घेतली, पण पोलिसांनी ती लिहून तर घेतली होती. दोस्ता, हे तू वाच. जी शिडी तू माझ्या डोक्यावर धरलीस, तिच्या वरच्या पायरीवरचा माणूस तुझ्या आईच्या हातचंही खात नाही.

आता मैत्रीची खरी परीक्षा. खर्डा, तालुका जामखेड, जिल्हा आपलाच. 28 एप्रिल 2014. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला लटकवलं. खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्या गावात काय कुणी कुणाच्या डब्यात जेवत नव्हतं? जेवत असतील. पण डब्याची मैत्री साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत चालत गेली नाही.

म्हणून सहभोजनाच्या फोटोवर भाळू नका. नुसत्या रोटीव्यवहारानं जात मरत नाही, बेटीव्यवहार झाल्याशिवाय आणि शास्त्रांवरची श्रद्धा मोडल्याशिवाय ती मरत नाही, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच ‘जातिनिर्मूलना’त लिहून ठेवलं आहे. कुणाच्या ताटाचं आमंत्रण मागायला आपण जन्मलो नाही.

आणि आता घरचा आहेर. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली. तिचं एक पान आपल्या स्वयंपाकघरात शिल्लक आहे. समतेवर तासभर बोलणारा कार्यकर्ता घरी येऊन म्हणतो, ‘वाढ.’ 14 एप्रिलच्या पंगतीला शेकडो पोळ्या लाटणाऱ्या बाईचं नाव पत्रकावर नसतं. त्याच डिसेंबरात महाडला बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका म्हणाले. चळवळ चुलीपर्यंत त्यांनी नेली. आपण ती चौकात थांबवली.

तेव्हा साथींनो, काम सांगतो. बैठकीचा चहा या महिन्यापासून पोरांनी करायचा, भांडी पोरांनी घासायची. कागदी कप आला तर घरातला पेला मागायचा, आणि नाही मिळाला तर चहा न पिता उठायचं. कामावर कुणाला कोणतं काम लावलं ते रोज वहीत लिहायचं, तारखेसकट. आणि सवर्ण दोस्ताला तोंडावर विचारायचं: उद्या माझ्यासाठी कोर्टात उभा राहशील का? हो म्हणाला तर त्याला घट्ट धरा. गप राहिला तर निदान हिशेब कळला.

मोर्चाच्या तारखा पुढारी ठरवतील. साधा दिवस आपल्या हातात आहे, आणि वर्षात साधेच दिवस जास्त असतात.