कंपनी पेरली; राखण कोण करणार?



बियाणे विकणारी कंपनी, खत विकणारी कंपनी, फवारणीचे औषध विकणारी कंपनी, आणि शेवटी आपल्या कापसाचे सूत काढणारी गिरणी, तीही कंपनीच. या सगळ्यांच्या नावामागे 'लिमिटेड' असा एक शब्द असतो. मराठीत मर्यादित. काय मर्यादित? नफा नव्हे. मर्यादित असते ती जबाबदारी. धंदा बुडाला तर भागधारकाचे भागाचे पैसे जातात. त्याने स्वतः हमीची सही केली नसेल, तर त्याच्या घराला, जमिनीला, बायकोच्या दागिन्यांना कोणी हात लावू शकत नाही.

आता आपला धंदा बघा. जूनमध्ये पेरा, पावसाने ताण दिला की दुबार पेरा. बोंडअळी आली, परतीच्या पावसात कापूस भिजला, बाजारात भाव पडला. यातले एकही आपल्या हातात नाही. कर्जाचा बोजा मात्र सातबारावर, आणि सातबारा आपल्या नावावर. सर्वांत जोखमीचा धंदा आपला, आणि जबाबदारीला मर्यादा नाही तीही आपल्याच. कारखानदार बुडतो तेव्हा कंपनी बुडते. शेतकरी बुडतो तेव्हा घर बुडते.

हा भेद देवाने केलेला नाही, कायद्याने केला आहे. हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांना १८५७ च्या कायद्याने वाट मोकळी झाली. मुंबईच्या कापडगिरण्या त्याच छत्रीखाली वाढल्या. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईत कंपन्या धडाधड बुडाल्या. पण छत्री कायम राहिली. शेतकऱ्याला कसली छत्री होती? दहा वर्षांनी, १८७५ साली, पुणे आणि नगर भागातले कर्जाने पिचलेले शेतकरी सावकारांची खतपत्रे जाळायला निघाले. पुढे १८९६ साली लंडनमध्ये जोड्यांचा धंदा करणाऱ्या ॲरन सालोमन याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायासनाने निकाल दिला: कंपनी वेगळी, माणूस वेगळा. माल घेणारा छत्रीत आणि माल पिकवणारा पावसात, अशी ही व्यवस्था.

ही छत्री आपल्या हाती फार उशिरा आली. डॉ. वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीची सोय झाली. आज ती तरतूद २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. किमान १० उत्पादक एकत्र आले की कंपनी काढता येते. संचालक ५ ते १५. भाग कितीही असोत, एका माणसाला एक मत. भाग शेअर बाजारात विकता येत नाहीत, म्हणून कोणी शेठ ते गोळा करून मालक होऊ शकत नाही. कंपनीच्या धंद्याशी ज्याचे हितसंबंध आडवे येतात त्याला सभासदच होता येत नाही. म्हणजे आपला कापूस स्वस्तात घेण्यात ज्याचा फायदा, तो आपल्या कंपनीत बसू शकत नाही.

कोणी म्हणेल, सहकार होताच की. होता. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली, पणन महासंघ एकटा गिऱ्हाईक झाला, आणि आपलाच कापूस राज्याबाहेर विकणे गुन्हा ठरला. त्याला सहकार म्हणायचे? १९६० च्या सहकार कायद्यात संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवण्याचा अधिकार निबंधकाला दिलेला आहे. नाव सभासदांचे, चाव्या सरकारच्या. कंपनीच्या चाव्या सभासदांच्या हाती असतात. निदान कायद्याने तरी.

'निदान' म्हणतो, कारण आमचे खरे भांडण इथेच आहे.

२०२० साली केंद्र सरकारने १० हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली. व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत. सभासदांच्या भागभांडवलाला तेवढीच जोड, माणशी २ हजारांपर्यंत, एका संस्थेला जास्तीत जास्त १५ लाख. पैसा वाईट नाही. पण आकडा जाहीर झाला की आकड्यावर जगणारे जागे होतात. गावोगाव आधार कार्डाच्या आणि सातबाराच्या प्रती गोळा होतात, सह्या-अंगठे होतात, फलक लागतो. सभासदाला विचारा, कंपनी कोणाची? तो म्हणतो, "ती अमक्या भाऊंची." ज्या कंपनीला एका माणसाच्या नावाने ओळखतात ती कंपनी नव्हे, दुकान आहे. आणि अनुदानावर उघडलेले दुकान अनुदान संपले की बंद होते.

बंद पडले म्हणून सुटका नाही. मेलेल्या कंपनीचेही तेरावे करावे लागते. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे दाखल करावेच लागते, एक रुपयाचा धंदा झाला नसला तरी. उशीर झाला तर २०१८ पासून प्रत्येक अर्जामागे रोज १०० रुपये दंड. दोन अर्ज वर्षभर राहिले तर ७३ हजार. सलग तीन वर्षे हिशेब दाखल झाला नाही तर ५ वर्षे त्या संचालकांना कोणत्याच कंपनीत संचालक होता येत नाही. 'नुसती सही कर' म्हणून ज्यांना संचालक केले, त्यांना हे कोणी सांगितले होते का?

छत्रीला भोके कुठे पडतात, तेही सांगतो. पहिले भोक हमीचे. कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागते. सही झाली की मर्यादित जबाबदारी त्या माणसापुरती संपली. वरच्या योजनेत २ कोटींपर्यंतच्या कर्जाला पतहमीची सोय केलेली आहे. आधी ती मागा, नंतर पेन उचला. दुसरे भोक ठरावाचे. कायद्याविरुद्ध ठराव करून कंपनीचे नुकसान केले, तर त्या ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्या संचालकांनी ते भरून द्यायचे असते.

मग कंपनीने करायचे काय? पहिल्याच वर्षी जिनिंग टाकायचे स्वप्न नको. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. सरकीतून तेल आणि पेंड. आपण हे सारे एका ढिगात, एका भावात, वर काट देऊन विकतो. कंपनीने पहिल्या वेचणीचा आणि फरदडीचा कापूस वेगळा ठेवावा, वाळवून घ्यावा, आपल्या काट्यावर मोजावा, मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये मजुरीवर रुई काढून घ्यावी, आणि रुई व सरकी वेगवेगळी विकावी. ज्वारीचेही तसेच. परभणी मोती, परभणी शक्ती ही वाणे आपल्याच विद्यापीठाची. त्यांचे बियाणे आपणच एकमेकांना का पुरवू नये? धान्य साफ करून, कडबा एकत्र करून का विकू नये?

भावाचा व्यवहार कायद्याने सोपा करून ठेवला आहे. समजा, कंपनीने क्विंटलमागे आधी ७ हजार दिले आणि रुई-सरकी विकून, खर्च वजा जाऊन ७,४०० पडले. उरलेल्या ४०० मधून गंगाजळी बाजूला काढून बाकीचे ज्याने जितका कापूस घातला त्याला त्या प्रमाणात मिळते. भाग किती, यावर नव्हे. माल किती, यावर. ज्याने एक क्विंटलही घातला नाही त्याला त्यातले काही नाही.

नाशिक जिल्ह्यात मोहाडीची 'सह्याद्री' याच कायद्याने उभी राहिली. तिला २०२२ साली युरोपातून ३१० कोटींची गुंतवणूक आली, तीही मूळ कंपनीत नव्हे, तिच्या उपकंपनीत. शेतकऱ्यांची मालकी जिथली तिथे राहिली. पण तिथे द्राक्ष आहे, पाणी आहे. आपण नक्कल करायची ती इमारतीची नव्हे, हिशेबाची.

ज्वारी दाण्यात आली की आपण माळा बांधतो, गोफण घेऊन उभे राहतो. पाखरू दाणा टिपेल म्हणून सूर्य उगवायच्या आत शेतात असतो. मग कंपनीच्या सभेला का जात नाही? सर्वसाधारण सभेची नोटीस १४ दिवस आधी आणि ताळेबंदासह आली पाहिजे. ४०० सभासद असतील तर १०० हजर असल्याशिवाय सभा पुरी होत नाही. संचालकाला किंवा त्याच्या नातलगाला कर्ज द्यायचे तर सभेची मंजुरी लागते. कारभारी सभासदांबाहेरचा आणि पूर्णवेळ हवा. कायद्याने गोफण आपल्या हाती दिली आहे. आपण घरी बसून नुसत्या हजेरीवहीवर सही पाठवली, तर दोष पाखरांचा नाही.

म्हणून जिल्ह्याच्या या बैठकीपुढे आमचे म्हणणे साधे आहे. अनुदानाची आशा धरून एकही कंपनी काढू नये. आधी एक हंगाम गटाने एकत्र कापूस मोजून विकावा, हिशेब गावात भिंतीवर लावावा, आणि मग नोंदणी करावी. जिथे कंपनी झालेली आहे तिथल्या सभासदांनी याच महिन्यात लेखी अर्ज देऊन तीन कागद मागावेत: सभासदांची यादी, शेवटचा ताळेबंद, शेवटच्या सभेचे इतिवृत्त. दिले तर वाचावेत. नाही दिले तर पुढची सभा भरवायला शंभर जणांनी जावे. जबाबदारी मर्यादित आहे ती पैशाची. राखणीला मर्यादा नाही.