मोशीला जाताना घरातल्या बाईचंही तिकीट काढा



डिसेंबर जवळ आला की गावात दोन चर्चा सुरू होतात. कांद्याची लागण कुठवर आली, आणि मोशीच्या किसान प्रदर्शनाला कोण कोण येणार. दुसऱ्या चर्चेचा शेवट ठरलेलाच असतो. कुणाची तरी सात-आठ सीटची गाडी निघते, डिझेल वाटून घ्यायचं ठरतं आणि गाडीत आठ बापे बसतात. बायका घरी. का, तर "कुटुंब न्यायचं म्हणजे खर्च फार होतो."

माझं म्हणणं असं की हा खर्च कुणी मांडूनच बघत नाही. एकरी बियाणं, खत, मजुरी आपण पै न् पै लिहितो, आणि प्रवासाला आलो की अंदाजानं बोलतो. आणि त्या अंदाजात पहिला नंबर बाईचा कटतो. आता खुरपणी कोण करतं? कांद्याची रोपं वाकून कोण लावतं? हातकोळपं, टोकणयंत्र, कापूस वेचायचं यंत्र याची मूठ हातात धरून "हे आपल्या उंचीला जमत नाही" हे जिनं सांगायचं ती घरी, आणि आपण माहितीपत्रकांची पिशवी भरून परत. मग घेतलेलं अवजार गोठ्याच्या माळ्यावर पडून राहतं. चार घरं फिरून बघा, तीन घरात असं एखादं सापडेल.

तर हिशोब मांडू. नवरा, बायको, 76 वर्षांची आई आणि दहा वर्षांची मुलगी. तुमच्या गावापासून स्वारगेटचं एसटीचं पूर्ण तिकीट 200 रुपये धरा, सोपं पडतं.

17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या माणसांना एसटी फुकट आहे. 65 ते 75 वाल्यांना अर्धं. पोरीचं वय बारा भरलेलं नाही, म्हणजे तिचंही अर्धं. बेरीज करा: तुमचे 200, बायकोचे 100, पोरीचे 100, आईचं काहीच नाही. चार माणसं 400 रुपयांत. घरातलं सगळ्यात महाग तिकीट कुणाचं निघालं? आपलंच. खर्चाच्या नावानं कुणाला घरी ठेवायचंच असेल तर त्या हिशोबानं कुणाला ठेवायला पाहिजे, ते तुम्हीच बघा. आईचं वयाचं ओळखपत्र तेवढं बरोबर घ्या, कंडक्टर मागतो आणि त्यानं मागायलाच पाहिजे.

आता पुण्यात उतरल्यावर. खरा पैसा इथं जातो, एसटीत नाही. स्वारगेटला पिशव्या घेऊन उतरलं की रिक्षावाले गराडा घालतात आणि आपण बावरतो. पुण्यात रिक्षाच्या मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढं किलोमीटरला 17 रुपये. स्वारगेट ते मोशीचं प्रदर्शनाचं मैदान वीस किलोमीटरच्या वरच भरतं. म्हणजे मीटरनं गेलात तरी एका बाजूचे चारशेच्या आसपास, आणि रिक्षात माणसं तीन. जाऊन-येऊन आठशे. चार माणसांचं एसटीचं जाणं-येणं जेवढ्यात होतं तेवढे पैसे एका दिवसाच्या रिक्षाला.

पीएमपीच्या बसचे दर 1 जून 2025 पासून बदलले. पाच किलोमीटरपर्यंत 10 रुपये, दहापर्यंत 20, पंधरापर्यंत 30, वीसपर्यंत 40, पंचवीसपर्यंत 50. स्वारगेटहून मोशी धरलं तर एका बाजूचे 50, दोन्ही बाजूंचे 100. भोसरीत बस बदलली तर दुसऱ्या बसचं तिकीट वेगळं, म्हणजे त्याहून जास्त. याच बसमध्ये दिवसाचा पास मिळतो 70 रुपयांत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही महापालिकांच्या हद्दीत त्या दिवशी कितीही वेळा चढा-उतरा. मोशी हद्दीत येतं. नुसतं मोशीला जाऊन आलात तरी पासाचे पैसे फिटले, संध्याकाळचं सारसबाग वर फुकट. मोठी माणसं तीन, 210 रुपये. आठशेच्या जागी.

पास कंडक्टरकडंच मिळतो, आधार कार्ड जवळ ठेवा. आणि पास सकाळी पहिल्या बसमध्येच घ्या. तो त्या तारखेपुरता असतो, चोवीस तासांचा नसतो. दुपारी चारला पुण्यात पोचलात आणि पाहुण्यांच्या घरापर्यंतच जायचंय, तर साधं तिकीट काढा. पीएमपी वेगळी आणि एसटी वेगळी हे बायकांना आधीच सांगा, कारण एसटीचं अर्धं तिकीट सिटीबसमध्ये चालत नाही आणि तिथं उगाच कंडक्टरशी वाद होतो. सिटीबसमध्ये डावीकडच्या सीटा बायकांच्या, तिथं आपण बसायचं नाही. सकाळी नऊ ते अकरा गर्दी जबर असते. म्हातारं माणूस बरोबर असेल तर त्या आधी निघा.

मेट्रोत हा पास चालत नाही. मेट्रोचा दिवसाचा पास वेगळा, 100 रुपयांचा. पण मेट्रोचं तिकीटच 10 पासून 35 पर्यंत आहे, त्यामुळं दिवसात तीन-चार लांबच्या चकरा होणार नसतील तर तो पास घेऊ नका. सुटं तिकीट काढा. त्या कागदावरचा चौकोनी कोड बाहेर पडताना पुन्हा दाखवावा लागतो. पोरं तो कागद चुरगाळून टाकतात, म्हणून सगळ्यांची तिकिटं एकाच्या खिशात.

दुसऱ्या दिवसासाठी माझा आग्रह आहे. पहाटे गुलटेकडीचं मार्केट यार्ड दाखवा. आपली मेथी, कोथिंबीर तिथं कशी उतरते, बोली कशी लागते, हे माल पिकवणाऱ्या बाईनं एकदा डोळ्यानं बघितलं पाहिजे. मग स्वारगेटला येऊन मेट्रोनं पुढच्याच स्टेशनला, मंडईला उतरा. दहा रुपये तिकीट. महात्मा फुले मंडईत तीच जुडी कितीला आहे ते बायकोला विचारायला लावा. यार्डातला भाव आणि मंडईतला भाव, मधलं अंतर मेट्रोचं एक स्टेशन. यावर कुठल्या चर्चासत्रात बसायची गरज पडत नाही. पोरीला हौस म्हणून पुढं जिल्हा न्यायालय स्टेशनपर्यंत न्या. जमिनीखाली 33 मीटर, म्हणजे शंभर फुटांच्या वर. आपल्या विहिरीला पाणी साठ फुटांवर लागतं की नाही याची मारामार, आणि हे लोक तेवढ्या खालून रेल्वे चालवतात. शिवाजीनगरला उतरलात तर कृषी महाविद्यालय जवळच आहे.

गाडी करून जाणं चूकच, असं मी म्हणत नाही. आठ माणसं असतील, येताना पंप किंवा फवारणीचं जड सामान आणायचं असेल तर गाडीच परवडते. पण गाडी ठरली की सीटा मोजल्या जातात आणि सीटा मोजल्या की बाईला सीट उरत नाही. बसच्या तिकिटाला ती अडचण नाही.

कृषी विभागाची, विद्यापीठाची जी साहेब मंडळी हे वाचतात त्यांना एक विनंती. शेतकरी सहल काढता तेव्हा यादीत निम्म्या बायका धरा. आणि प्रदर्शनाच्या जाहिरातीत नुसता पत्ता टाकू नका. स्वारगेटहून कुठल्या बसनं यायचं, पास कितीचा, तो कुठं मिळतो, एवढ्या चार ओळी छापल्या तर बावरलेला माणूस रिक्षाच्या गराड्यातून नीट बाहेर पडेल. स्वारगेटच्या स्टँडवर अशी पाटी मोठ्या अक्षरात मराठीत लागली तर आणखी चांगलं.

राहिला प्रश्न दुधाचा. खरी अडचण तीच आहे, तिकीट नाही. दोन दिवस धारा कोण काढणार म्हणून बाईमाणूस अडकतं. आमच्या वस्तीवर यंदा ठरलंय की चार घरांच्या जनावरांना दोन भाऊ थांबणार आणि चारी घरच्या बायका एसटीनं जाणार. थांबणाऱ्यांची पाळी पुढच्या वर्षी. तुमच्याकडं काय ठरतंय ते खाली लिहा, आणि तुमच्या भागातून स्वारगेटला पहाटेची पहिली एसटी किती वाजता सुटते तेही लिहा, म्हणजे शेजारच्या गावाला उपयोग होईल.