गोळीने आयुष्य दिले, म्हातारपणाचे काय?

मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की चहाच्या टपरीवर एक गृहस्थ मला नेहमी भेटतात. पन्नाशी अजून गाठायची आहे, पण जिना चढताना दम लागतो, गुडघे दुखतात, तळपायांना मुंग्या येतात. टपरीवरची पोरे त्यांना ‘आजोबा’ म्हणतात. २००६ पासून ते एचआयव्हीवरचे औषध घेत आहेत, हे त्या पोरांना ठाऊक नाही. परवा मला म्हणाले, ‘‘भाऊ, मरण टळलं, पण म्हातारपण दहा वर्षं आधीच दारात येऊन बसलंय.’’

हे एकट्या माणसाचे गाऱ्हाणे असते, तर रविवारच्या पानावर मांडायचे कारण नव्हते. १९८६ साली भारतात या विषाणूची पहिली नोंद झाली, तेव्हा निदान म्हणजे मृत्युपत्रच होते. १९९६ मध्ये तीन औषधांचा एकत्रित उपचार आला, पण तो श्रीमंत देशांपुरता. २००१ मध्ये ‘सिप्ला’ने तो दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून सरकारने औषधे मोफत केली. सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते. लाखो घरांतला कर्ता माणूस त्यामुळे वाचला. आजचा प्रश्न या यशातूनच उभा राहिला आहे.

अमेरिकेत २००० ते २०१६ या काळातील हजारो रुग्णांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारांमुळे बाधित व निरोगी यांच्या आयुर्मानातील फरक नऊ वर्षांवर आला होता. मात्र दुसरा मोठा आजार न होता जगण्याच्या वर्षांतील फरक होता सोळा वर्षांचा! म्हणजे आयुष्य वाढले, पण निरोगी आयुष्य त्या मानाने वाढले नाही.

असे का व्हावे? औषध विषाणूला दाबून ठेवते, शरीरातून हुसकावत नाही. आतड्याच्या अस्तराला सुरुवातीलाच झालेली इजा पुरती भरून येत नाही. प्रतिकारशक्ती सतत जागी राहते आणि मंद दाह रक्तवाहिन्या व हाडे झिजवत राहतो. जुन्या औषधांनीही आपली किंमत वसूल केली. स्टॅव्ह्युडिनने अनेकांची गालफडे बसली, पाय बधिर झाले. टेनोफोव्हिरच्या प्रचलित रूपाने काहींची मूत्रपिंडे व हाडे दुबळी होतात. हे खरे अकाली वार्धक्य की केवळ वाढलेला धोका, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. शिवाय तंबाखू आणि रात्रपाळी यांचा वाटा वेगळाच. हृदयविकाराचा धोका मात्र सुमारे दुप्पट होतो, याबाबत फारसे दुमत नाही.

यावर इलाज नाही असेही नाही. २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह बारा देशांतील ७,७६९ रुग्ण, वय चाळीस ते पंचाहत्तर. पिटाव्हास्टॅटिनच्या रोजच्या एका गोळीने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना पस्तीस टक्क्यांनी घटल्या.

मग अडते कुठे? माझ्या मते, आपण अजून गोळ्या मोजतो, माणसाचे वय मोजत नाही. रक्तदाब, साखर, चरबी, मूत्रपिंड यांच्या तपासण्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहेत. पण रुग्णाला त्यासाठी दुसऱ्या खिडकीवर, दुसऱ्या डॉक्टरकडे धाडले की तो आजार लपवतो. आमच्या या गृहस्थांनी मधुमेहाच्या डॉक्टरांना एचआयव्हीच्या औषधाविषयी चकार शब्द सांगितला नव्हता. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते. डॉक्टरांना माहीतच नसेल, तर त्यांनी मात्रा बेतायची कशी? भेदभावाला मनाई करणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पण कायद्याने तोंड उघडत नाही, विश्वासाने उघडते.

तो विश्वास रुग्णाने ज्या एआरटी केंद्रावर वर्षानुवर्षे टाकला आहे, तिथेच या तपासण्या आणि त्यांवरचे उपचार मिळाले पाहिजेत. ज्या शासनाने या माणसांना जगवले, त्याने त्यांच्या उतारवयाची तजवीज करणे हे उपकार नव्हेत. ते अर्धवट राहिलेले काम आहे.

निघताना ते म्हणाले, ‘‘पोरीचं लग्न व्हायचंय अजून. तेवढे पाय चालले पाहिजेत.’’ वीस वर्षांपूर्वी एवढी पुढची गोष्ट बोलायची त्यांना हिंमत नव्हती.