विजेरीचा भरवसा

शब्दकोशात तिचे नाव विजेरी. पण दिवे गेल्यावर "अहो, विजेरी कुठे आहे?" असे विचारणारी गृहिणी मराठीच्या प्राध्यापकाच्या घरीही आढळायची नाही. तिथेही बॅटरीच! अमेरिकेत तिला 'फ्लॅशलाइट', म्हणजे चमकून विझणारा दिवा, म्हणतात. १८९९ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल यांना तिचे पेटंट मिळाले, तेव्हाचे सेल इतके दुबळे होते की क्षणभर चमकण्यापलीकडे त्यांची मजल जात नसे.

स्वस्त बॅटरीने ऐन वेळी दगा दिला की आपण बल्बला दोष देतो. तो बिचारा बहुधा निर्दोष असतो. आता तर त्याच्या जागी आलेला एलईडी हजारो तास टिकतो. दुखणे असते सांध्यांत. तळची स्प्रिंग, पत्र्याची पट्टी आणि खटका यांतून वीज जायची. एकीवर गंज चढला की कारभार आटोपला. तळहातावर दोन थपडा दिल्या की बॅटरी पेटते, ती काही माराने शहाणी होत नाही (आम्हा शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे). गंजलेले सांधे जरा हलतात, इतकेच.

या गंजाचे मूळ बहुधा सेलमध्ये असते. साध्या सेलचे जस्ताचे डबडे हेच त्याचे सरपणही असते. घराच्या भिंती काढून चुलीत घालाव्यात, तसला हा संसार! भिंत झिजली की आतला क्षार पाझरतो आणि कपाटात पडल्यापडल्या स्प्रिंग खाऊन टाकतो. म्हणून प्रवासाची बॅटरी ठेवून देताना सेल बाहेर काढावेत. थर चढलाच असेल, तर पॉलिश पेपरने घासावा.

भिंतीवरच्या प्लगला लावून भरायच्या बॅटऱ्यांची तऱ्हा निराळी. पुष्कळ स्वस्त बॅटऱ्यांच्या पोटात शिशाची छोटी बॅटरी असते. ती रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि पुढे ती चार्ज घेईनाशी होते. बदलावी म्हटले, तर झाकण चिकटवलेले! शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कोकणात कितीतरी गावे दिवसचे दिवस अंधारात होती. अशा वेळी ती भरायची कशावर? "मोबाइल आहे की," म्हणणाऱ्या चिरंजीवांनाही हाच प्रश्न. सेल मात्र वाण्याकडेही मिळतात.

तेव्हा दुकानात आधी बॅटरी उघडून दाखवायला सांगावे. दुकानदार वैतागेल, वैतागू द्यावे.

राहिली उशाची बॅटरी. तिचे सेल काढून कसे चालेल? काळोखात वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे चाचपडत कोण बसणार? सेल आतच राहू द्यावेत, पण महिन्याच्या एक तारखेला उघडून पाहावेत. आमचे वडील तर रोज निजताना एकदा आढ्यावर उजेड पाडून पाहतात. रात्री दोनदा उठून त्यांना जावे लागते, आणि वाटेत उंबरा आहे.