नावाची पाटी की मुलाच्या हातची पाटी?

देवळाच्या पायरीवर दात्याचे नाव कोरण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती हीच चाल शाळेच्या दारी नेण्याविषयी. दारिद्र्याने आणि रक्तपाताने पोळलेल्या मुलखात चार खोल्या उठवाव्यात, भिंतीत संगमरवरी पाटी बसवावी आणि विद्यादान घडले असे मानून माघारी फिरावे, ह्यास आम्ही दान म्हणत नाही.

ग्वाल्हेरकरांना हा विषय परका नाही. सरदारपुत्रांसाठी १८९७ साली निघालेली शाळा आज सिंधिया स्कूल ह्या नावाने आपल्या किल्ल्यावर दिमाखात उभी आहे. तेथून फार दूर नसलेल्या भिंड-मुरैन्याच्या घळींत मात्र कित्येक पिढ्या बंदुकीनेच न्याय मागितला. मे १९६० मध्ये वीस बागींनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याच्या आश्रमात, जयप्रकाशांच्या साक्षीने, त्याहून कितीतरी अधिकांनी ठेवली. हे एका दिवसाचे फळ नव्हे. सुब्बराव यांनी १९७० सालीच जौऱ्यास महात्मा गांधी सेवा आश्रम स्थापून तेथे ठाण मांडले होते. माणूस आधी राहिला. मग बंदूक खाली आली.

‘आधी शांतता होऊ द्या, शाळेचे मग पाहू,’ असे शहाणे लोक म्हणतात. त्यांनी गडचिरोलीतील हेमलकशाकडे पाहावे. बाबा आमटे यांनी १९७३ साली तेथे लोकबिरादरी प्रकल्प उभारला आणि १९७६ साली माडिया मुलांसाठी आश्रमशाळा सुरू झाली. पुढे त्या रानात नक्षलवादी व पोलीस यांचा संघर्ष पेटला. दोन बंदुकांच्या मधे शाळा चालूच राहिली, कारण प्रकाश व मंदाकिनी आमटे आणि त्यांचे सहकारी तेथून हलले नाहीत. शांततेची वाट पाहत बसते, तर त्या मुलांच्या मुलांनीही अक्षर पाहिले नसते.

खोली बांधणे सोपे असते. ते एका हंगामाचे काम आहे. त्या खोलीत रोज उभा राहणारा, मुलांची बोली जाणणारा, पावसाळ्यात वाट बंद झाली तरी गाव न सोडणारा शिक्षक मिळणे व टिकणे अवघड. आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते. देवळाच्या ओवरीतही शाळा भरे. इमारतीवाचून अडत नसे, पंतोजीवाचून अडे.

म्हणून देवस्थानांच्या विश्वस्तांस आमचे स्पष्ट सांगणे आहे. येत्या उत्सवाचा जमाखर्च मांडताना अशा मुलखातील एका शिक्षकाच्या वेतनाची तरतूद करा. एका वर्षाची नव्हे, निदान पाच वर्षांची. वर्षातून एकदा तेथे जाऊन मुले काय शिकली ते पाहा, आणि नाव कोठेही कोरू नका. दसऱ्यास आपण पाटीवर सरस्वती रेखून तिला फुले वाहतो. ज्या मुलाच्या हाती पाटीच नाही, त्याच्या घरी ती कोठे रेखावी?