वस्तऱ्यासाठी नैसर्गिक दगड घेताय? आकड्यावर जाऊ नका

बेल्जियमचा 'कोटिक्यूल' दगड ऑनलाइन विकताना त्यापुढे सर्रास '८००० ग्रिट' लिहिलेलं दिसतं. हा आकडा अंदाजच समजावा. ग्रिट मोजतात ती कारखान्यात एकसारख्या कणांपासून बनवलेल्या दगडाची. खाणीतल्या दगडाचा प्रत्येक थर वेगळा असतो.

धार येते कशी?
आर्डेन भागात व्हिएलसाल्मजवळ मिळणाऱ्या या पिवळसर दगडात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. पाणी टाकून त्यावर छोटा दगड घासला की दुधासारखं पाणी तयार होतं. त्यातले सुटे कण पोलाद झटपट घासतात. थेंबथेंब पाणी वाढवलं की घासणं मंदावतं आणि धारेवरचे ओरखडे बारीक होतात. म्हणजे एकच दगड दोन कामं करतो.

काय कराल?
• बोथट वस्तरा आधी १००० ग्रिटच्या कृत्रिम दगडावर घासा; नैसर्गिक दगड शेवटच्या हातासाठी ठेवा.
• भेगा किंवा खड्डे असलेला दगड घेऊ नका.
• वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली हवीत, हात हलका हवा.
• शेवटी चामोट्यावर फिरवताना पाठ पुढे ठेवा.

विक्रेत्यांनी आकड्याऐवजी खाण आणि थराची माहिती द्यायला हवी. फसवा आकडा खिशाला चाट लावतोच, खरखरीत धार गालही सोलते.